हिंगोली जिल्हा : उत्पत्ती व सीमांचा इतिहास

हिंगोली जिल्हा : महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील, त्या विभागाच्या उत्तर सरहद्दीवरील एक जिल्हा. क्षेत्रफळ साडेचार हजार चौ. किमी.हून अधिक, लोकसंख्या ११,७७,३४५ (२०११). उत्तरेस वाशीम व यवतमाळ, पश्चिमेस परभणी आणि आग्नेयीस नांदेड हे जिल्हे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत असे पाच तालुके. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला, एवढीच त्याच्या उत्पत्तीची हकीकत सामान्यतः दिली जाते. शासकीय राजपत्राच्या दृष्टीने ती पुरेशी असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने अपुरी आहे. जिल्ह्याचे नाव व मुख्य ठाणे १९९९ मध्ये ठरले. त्याची उत्तरेकडील सीमा मात्र १८५३ ते १८६० या सात वर्षांतील करारांनी आखली गेली, आणि या सीमेनेच पुढील जवळजवळ दीड शतक या मुलखाचे स्वरूप ठरविले. शिवाय हिंगोली हे गाव जिल्ह्याचे मुख्य ठाणे १९९९ मध्ये प्रथमच झाले, हेही खरे नाही.

भूमीची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे या प्रदेशात शिरले असून त्यांच्या दोन बाजूंना पाणी दोन दिशांनी वाहते. नैऋत्येकडील भागाचे पाणी पूर्णा नदीत व तेथून थेट गोदावरीत जाते. मधल्या भागाचे पाणी कयाधू नदी गोळा करते. हिंगोली व नरसी ही गावे तिच्याच काठची. कयाधू पुढे पैनगंगेस मिळते आणि पैनगंगा वर्धेस. म्हणजे हे पाणी मोठा वळसा घालून, फार पुढे, अखेर गोदावरीतच पोहोचते. पैनगंगा ही जिल्ह्याची उत्तर व पूर्व बाजूची सीमा बऱ्याच लांबीपर्यंत आखते. नकाशावर ही सीमा इतकी स्वाभाविक वाटते, की ती पूर्वापार असावी असा समज सहज होतो. जुनी साधने या समजास पुष्टी देत नाहीत.

प्राचीन व मध्ययुगीन विभागणी : वाशीम येथे सापडलेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट या बाबतीत सर्वांत जुना पुरावा होय. चौथ्या शतकातील हा राजा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षी दिलेल्या या दानपत्रात नंदिकट (नांदेड) विभागाच्या उत्तर मार्गातील एका गावाचे दान नमूद आहे. मार्ग हा शब्द येथे प्रादेशिक उपविभाग या अर्थी आला आहे. दान दिलेले खेडे आज कोणते, यावर खल करण्यापेक्षा विभागाचे नाव अधिक बोलके आहे. वाशीमला राजधानी असलेला राजा नांदेडच्या उत्तर उपविभागातील जमीन देतो, म्हणजेच वाशीम व नांदेड ही एकाच राज्याची दोन टोके होती आणि त्यांच्या दरम्यानचा मुलूख – आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या बाजूचा – हा राज्याच्या कडेचा नसून मधला होता. पैनगंगा त्या राज्यातून वाहत होती. त्याला अडवीत नव्हती.

देवगिरीच्या यादवांच्या काळात औंढा येथील नागनाथाचे मंदिर उभे राहिले. बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या गेलेल्या या क्षेत्राने व नरसी येथील नामदेवांच्या जन्माच्या परंपरेने (पंढरपूरचाही या बाबतीत दावा आहे) या भूभागास महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनात स्थान मिळवून दिले. विसोबा खेचर व नामदेव यांच्या भेटीची कथा औंढ्याशीच निगडित आहे. या क्षेत्रांकडे येणारा यात्रेकरू नदीच्या दोन्ही तीरांवरून येत असे, एवढे येथे नोंदविणे पुरे.

मोगल अमदानीतील नोंदी अधिक नेमक्या आहेत. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीमध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची व त्यांतील महालांची यादी दिली आहे. या यादीत वाशीम सरकारात वाशीम व मंगरूळ यांच्याबरोबर औंढा, कळमनुरी, नरसी व चारठाणा हे महाल येतात. वसमत व हट्टा हे महाल मात्र पाथरी सरकारात आहेत. त्याच सरकारात परभणी, जिंतूर व नांदेडही आहेत. हिंगोलीचे नाव महालांत आढळत नाही. त्या काळी या परिसरातील महत्त्वाचे गाव नरसी होते. नकाशावर हे महाल मांडून पाहिले असता असे दिसते, की दोन सरकारांमधील रेषा पैनगंगेवरून न जाता आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या मधून जात होती. कयाधूच्या खोऱ्यातील नरसी, कळमनुरी वाशीमकडे आणि पूर्णेच्या बाजूची वसमत, हट्टा पाथरीकडे, अशी ती ढोबळमानाने पाणलोटाची रेषा होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ही विभागणी अधिक शहाणपणाची होती. नदी ही माणसे एकत्र आणते आणि डोंगराची धार त्यांना वेगळी करते, हे महसूल गोळा करणाऱ्या जुन्या कारभाऱ्यांना चांगले ठाऊक होते. कयाधूकाठच्या शेतकऱ्याचा सारा पैनगंगा ओलांडून वाशीमला जाण्यात त्यांना काही वावगे वाटले नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या प्रदेशास आपण आज मराठवाडा म्हणतो त्यापैकी पाथरी, वाशीम व माहूर या सरकारांचा सगळा भाग त्या काळी वऱ्हाड सुभ्यात मोडत होता. विदर्भ व मराठवाडा यांच्या दरम्यानची आजची सीमा प्राचीन जनपदांची वारसदार आहे असे अधूनमधून लिहिले जाते. या भागापुरते तरी ते ग्राह्य धरता येत नाही.

छावणी आणि करार : साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर (१७२४) निजामुल्मुल्काची दक्षिणेतील सत्ता स्थिर झाली आणि हा मुलूख हैदराबाद राज्यात आला. वऱ्हाडच्या वसुलात नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा असे. देवगावच्या तहाने (१८०३) वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले व हा दुहेरी अंमल संपला. त्यानंतर सुमारे अर्धशतक पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकाच निजामाची सत्ता होती. ती नाममात्र होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. या डोंगराळ भागात हटकर नाईकांचे बळ मोठे होते. त्यांपैकी नौसाजी नाईक याची नव्हा येथील गढी जानेवारी १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेने वेढा घालून घेतली.

त्याच वर्षी हिंगोलीस कायमची लष्करी छावणी पडली, आणि येथून या गावाच्या इतिहासास खरा आरंभ होतो. गावाची विंगुली, लिंगोली अशी जुनी नावे सांगण्यात येतात, परंतु हिंगोली नावारूपास आली ती छावणीमुळेच. निजामाच्या खर्चाने पोसलेली व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेली. १८३० नंतरच्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम दक्षिणेत ज्या ठाण्यांवरून प्रथम हाती घेण्यात आली, त्यांत हिंगोली हे एक होते. छावणीबरोबर दवाखाना आला, जनावरांचा दवाखाना आला, पेढीवाले व्यापारी आले आणि कापसाची बाजारपेठ वाढली. रिसाला, पलटण, तोपखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील भागांची नावे त्या काळाची खूण म्हणून टिकून आहेत. येथील प्रसिद्ध दसरा उत्सवाचा आरंभही परंपरेने १८५५ सालापासून, म्हणजे छावणीच्या भरभराटीच्या काळापासून, सांगण्यात येतो.

या फौजेचा पगार हाच सीमाप्रश्नाचा उगम होय. निजामाच्या खजिन्यातून पगार वेळेवर निघेना. कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून रक्कम देई व ती कर्जाखाली मांडी. हे कर्ज वाढत जाऊन सुमारे अर्ध्या कोटीच्या घरात पोहोचले, तेव्हा २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या कारभाराखाली देण्यात आले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची, अशी ही गहाणवटासारखी व्यवस्था होती. खेड्यापाड्यांतील सावकारी व्यवहार ठाऊक असलेल्या तत्कालीन प्रजेला ती समजण्यास अवघड गेली नसावी.

हाती आलेल्या वऱ्हाडाचे इंग्रजांनी प्रथम दोन जिल्हे केले. उत्तर वऱ्हाडाचे ठाणे बुलढाणा आणि दक्षिण वऱ्हाडाचे ठाणे हिंगोली. आधुनिक अर्थाने ज्याला जिल्हा म्हणता येईल अशा घटकाचे हिंगोली हे मुख्य ठाणे झाले ते असे, १८५३ मध्ये; परभणी हे जिल्ह्याचे ठाणे होण्याच्या पूर्वी. या जिल्ह्यात पैनगंगेचे दोन्ही तीर एकत्र होते. ही गोष्ट स्थानिक इतिहासात फारशी सांगितली जात नाही, याचे कारण ती फार काळ टिकली नाही.

१८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार व दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचा मोबदला डिसेंबर १८६० च्या तहाने मिळाला. सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. सुरापूर संस्थानाचा मुलूख निजामाकडे आला. वऱ्हाड मात्र, सुमारे ३२ लाखांच्या उत्पन्नाचे, इंग्रजांकडेच राहिले. हा हिशेब जुळविताना हिंगोली व तिच्या भोवतालचा प्रदेश वऱ्हाडातून काढून निजामास परत देण्यात आला. उरलेल्या वऱ्हाडाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि त्यांची ठाणी अमरावती व अकोला येथे गेली. पैनगंगा प्रथमच सरहद्द झाली. वाशीम, मंगरूळ, पुसद पलीकडे. नरसी, कळमनुरी, औंढा अलीकडे. ही रेषा आखताना भाषा, जात, बाजारपेठ किंवा पाणी यांपैकी कशाचाही विचार झाला नव्हता. एका फौजेच्या पगाराला पुरेल एवढा वसूल कोठवर मोजावा, हा एकच प्रश्न तेथे होता, आणि मोजणाऱ्यांना नदी ही सोयीची खूण सापडली.

या व्यवस्थेतील विसंगती विलक्षण होती. कंटिंजंटची छावणी हिंगोलीस, निजामी हद्दीत, तशीच राहिली. तिचा खर्च मात्र नदीपलीकडील वऱ्हाडच्या उत्पन्नातून निघत असे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेण्यात आला. पुढील वर्षी तो प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला. कंटिंजंट भारतीय सैन्यात सामावून घेण्यात आले आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी मोडली. ज्या फौजेसाठी सीमा आखली ती फौज गेली, सीमा राहिली.

निजामी राज्यातील सरहद्दीचा तालुका : हैदराबाद राज्यात १८६५ मध्ये सालारजंगाने जिल्हाबंदी केली. तीत परभणी जिल्हा निर्माण होऊन हिंगोली, कळमनुरी व वसमत हे त्याचे तालुके झाले. कयाधूचे व पूर्णेचे खोरे अशा रीतीने परभणीच्या एका छत्राखाली आले. आजच्या जिल्ह्याचा आकार या जोडणीतून सिद्ध झाला, असे म्हणता येईल.

पैनगंगेच्या दोन तीरांवरील जीवन यानंतर वेगवेगळ्या वळणाने गेले. उत्तर तीरावर डेप्युटी कमिशनरचा कारभार, मराठीतील कज्जेदलाली, मराठी शाळा व कलदार रुपया. दक्षिण तीरावर अव्वल तालुकदार, उर्दू दप्तर, फसली सन व हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब सरहद्दीवरील व्यापाऱ्यास तोंडपाठ असे. माल इकडून तिकडे नेताना करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. कापूस पिकविणाऱ्या मुलखाला याची झळ किती लागली असेल, हे सांगावयास नको. सोयरीक, जत्रा व शेतमजुरी यांना मात्र नदीने कधी अडविले नाही. आंध, बंजारा व हटकर या समाजांची वस्ती पूर्वीप्रमाणेच दोन्ही तीरांवर राहिली.

आगगाडीचा इतिहासही हेच सांगतो. पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंतचा मीटरगेज मार्ग १९१२ मध्ये सुरू झाला आणि हिंगोलीस येऊन थांबला. पुढे वाशीम व अकोला ही मोठी बाजारगावे असूनही, राज्याची हद्द संपली तेथे निजामाची आगगाडी संपली. हा मार्ग वाशीमवरून अकोला-खांडव्याकडे जोडला जाण्यास स्वातंत्र्योत्तर काळाची वाट पाहावी लागली.

सरहद्द एकदाच लोकांच्या उपयोगी पडली, ती १९४७–४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात. निजामी हद्दीबाहेर, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मुलखात, कार्यकर्त्यांची सरहद्दीवरील शिबिरे चालत. उमरखेड हे त्यांतील एक ठाणे होते. रझाकारांच्या जाचास कंटाळून पैनगंगा ओलांडणाऱ्या कुटुंबांना पलीकडे आसरा मिळाला. तहाने आखलेल्या रेषेला त्या वर्षी संरक्षक भिंतीचे मोल आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.

आधुनिक काळ : राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे व विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. पैनगंगा दोन राज्यांची सीमा उरली नाही. ती दोन विभागांची सीमा झाली, आणि हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदान्वये १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. परंतु सव्वीस वर्षे निधीची वाटणी ज्या रेषेवरून होत होती, तिचा या भागातील उगम १८६० च्या तहात होता.

जिल्ह्याच्या सीमेस तर याहून अधिक व्यावहारिक महत्त्व आहे. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने (१९८४) अनुशेषाचे मोजमाप जिल्हावार केले. त्या वेळी हिंगोलीचा स्वतंत्र हिशेब असणे शक्यच नव्हते. उत्तरेकडील डोंगराळ तालुक्यांची कोरडवाहू शेती परभणी जिल्ह्याच्या सरासरीत मिसळून गेली. पूर्णा प्रकल्पाचे येलदरी धरण जिंतूर तालुक्यात व त्याखालील सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात आहे. दोन्ही एकाच जिल्ह्यात होती तोवर पाण्याचा हिशेब घरातल्या घरात होता. १९९९ नंतर वरचे धरण परभणीत व खालचे हिंगोलीत असे झाले. पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्यावर तर यवतमाळ, हिंगोली व नांदेड या तीन जिल्ह्यांचा, पर्यायाने दोन विभागांचा हक्क सांगितला जातो. हिंगोली जिल्ह्यातील सिंचनाच्या प्रश्नाची चर्चा या दोन सीमारेषांना वगळून करता येत नाही.

स्वतंत्र जिल्ह्याच्या मागणीमागे अंतराचे कारण होते. हिंगोली वा सेनगावच्या रहिवाशास जिल्हा कचेरी गाठण्यासाठी पूर्णामार्गे परभणीस जावे लागे. परभणी जिल्ह्याचा पश्चिमेकडील परतूर तालुका १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात गेला, तेव्हा या जिल्ह्याची जुनी चौकट एकदा ढिली झालीच होती. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम हा १९०५ पर्यंत वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता; त्या वर्षी तो मोडून अकोला व यवतमाळ यांत वाटला गेला होता. त्यास गेलेले स्थान ९३ वर्षांनी परत मिळाले. पुढील वर्षी, महाराष्ट्रदिनी, गोंदियाबरोबर हिंगोली जिल्हा स्थापन झाला. मोगल काळात एकाच सरकारात असलेले आणि १८६० मध्ये तुटलेले हे दोन भाग दहा महिन्यांच्या अंतराने शेजारी जिल्हे म्हणून पुढे आले. परंतु वाशीम अमरावती महसूल विभागात आणि हिंगोली तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर विभागात.

वसमत तालुक्याचा प्रश्न निराळा आहे. पूर्णेच्या सपाट, काळ्या जमिनीचा हा तालुका कयाधूच्या खोऱ्याहून वेगळ्या प्रकृतीचा असून त्याची ओढ नांदेडच्या बाजारपेठेकडे आहे. अकबराच्या काळात तो नांदेडबरोबर पाथरी सरकारात होता, हे वर आलेच आहे. वसमतशिवाय नवा जिल्हा आकाराने व उत्पन्नाने फारच तोकडा झाला असता.

लोकसभेच्या हिंगोली मतदारसंघाने मात्र जुन्या भूगोलाशी अधिक इमान राखले आहे. २००८ च्या पुनर्रचनेनुसार त्यात जिल्ह्यातील हिंगोली, कळमनुरी व वसमत, नांदेड जिल्ह्यातील हदगाव व किनवट आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात.